उपकेंद्रातली सिस्टर

बारावी कला शाखेतून झालेली मुलगी नर्स व्हायचं म्हणते, तेव्हा घरी आणि कॉलेजात तिला साधारण एकच सल्ला मिळतो. विज्ञान नाही म्हणजे बी.एस्सी. नर्सिंग नाही, जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) नंबर लागला तर उत्तम, तोही नाही लागला तर एएनएम कर. एएनएमचं नाव असं कायम यादीच्या तळाशी येतं, आणि मग ती मुलगीही आपण काहीतरी दुय्यम शिकतोय अशा समजुतीनं वर्गात बसते. ही समजूत मला मनापासून खटकते. आसपास डॉक्टर नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर, वारंवार निर्णय घ्यावे लागणारी नर्स महाराष्ट्रात कोण असेल तर ती एएनएम. हा कोर्स निवडायचा तर याच कामासाठी निवडावा, आणि काम काय आहे ते आधी नीट समजून घ्यावं.

एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, मराठीत सहायक परिचारिका प्रसाविका. जिल्हा परिषदेच्या नोकरीत तिला आरोग्य सेविका म्हणतात, गावात सिस्टर किंवा नर्सबाई.

हे पद आलं ते गरजेतून. सर जोसेफ भोर यांच्या समितीनं 1946 साली देशाच्या आरोग्याचा जो अहवाल दिला, त्यात प्रशिक्षित नर्सेसचा प्रचंड तुटवडा मांडला होता. होत्या त्या शहरांतल्या इस्पितळांत. खेड्यात बाळंतपण सुईणीच्या हाती. समितीनं वरिष्ठ आणि कनिष्ठ अशा दोन दर्जांच्या नर्सेस तयार करायला सुचवलं. त्यानंतर 1951 मध्ये पंजाबातल्या तरणतारण इथल्या सेंट मेरीज हॉस्पिटलात एएनएमचा पहिला दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली आणि या मुलींना कामाची जागा मिळाली. सुरुवातीला भर बाळंतपणावर आणि माता-बालकांच्या देखभालीवर होता. कर्तारसिंग समितीनं 1973 मध्ये वेगवेगळ्या रोगांसाठी वेगवेगळे कर्मचारी ठेवण्याची पद्धत मोडून बहुउद्देशीय कर्मचारी ही कल्पना मांडली. तेव्हापासून लसीकरण, हिवताप, क्षयरोग, कुटुंब नियोजन, साथीचे रोग असं सगळं सिस्टरच्या पिशवीत येऊन पडलं. काम वाढलं, पण 1977 मध्ये अभ्यासक्रम मात्र दीड वर्षाचा झाला. हा निर्णय चुकीचाच होता असं माझं मत आहे. पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला, हे बरं झालं.

सिस्टर काम करते ती जागा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखालचं उपकेंद्र. अशा एका उपकेंद्राकडे सपाट प्रदेशात 5,000 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात 3,000 लोकसंख्या, असा सरकारी निकष आहे. आकडा छोटा वाटतो. पण अक्कलकुवा, धडगाव, भामरागड किंवा चिखलदऱ्याच्या बाजूला तीन हजार माणसं म्हणजे डोंगरावर विखुरलेले कितीतरी पाडे, आणि त्यातल्या काहींना पावसाळ्यात रस्ताच नसतो.

या कामात किती बारकाई लागते ते लसीकरणाच्या दिवशी दिसतं. अंगणवाडीच्या व्हरांड्यात टेबल लागलेलं असतं. गावातल्या आरोग्य कार्यकर्तीनं, म्हणजे आशाताईंनी, यादी घेऊन घरोघरी निरोप दिलेला असतो, आया बाळं घेऊन बसलेल्या असतात. टेबलावर निळा व्हॅक्सिन कॅरिअर. त्यातले आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरलेले नसतात. बाहेर ठेवून, घाम सुटून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला की मगच ते कॅरिअरमध्ये जातात. कारण पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली की निकामी होते. उष्णतेनं लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीनंही बिघडते, हे सिस्टरला ठाऊक असावं लागतं. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे.

बाटली हातात घेतली की ती आधी तारीख पाहते आणि मग बाटलीवरची एक छोटी खूण. एक वर्तुळ, त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. बाटलीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाला येऊन मिळाला की ती बाटली बाद. या तपासणीला दोन सेकंद लागतात. गर्दीच्या दिवशी हे दोन सेकंद वाचवायचा मोह होतो, आणि तो टाळणं हेच प्रशिक्षण.

बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लसी कोरड्या पावडरीच्या रूपात येतात. त्या त्यांच्यासोबत आलेल्या द्रावणातच कालवायच्या. दुसऱ्या कंपनीचं द्रावण चालत नाही. कालवल्याची वेळ बाटलीवर लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली लस टाकून द्यायची. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं औषध नसतं. चार तास उलटून गेलेली बाटली वापरली आणि तिच्यात जंतू वाढलेले असले, तर धडधाकट बाळ काही तासांत दगावू शकतं. याउलट पेंटाव्हॅलंटची उघडलेली बाटली योग्य तापमानात आणि स्वच्छ राहिली असेल तर 28 दिवसांपर्यंत चालते. कोणती बाटली फेकायची आणि कोणती परत न्यायची, हे सिस्टरच्या डोक्यात पक्कं असावं लागतं.

दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरसची लस द्यायची असते, शिवाय तीन सुया: पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकलची पीसीव्ही आणि पोलिओची त्वचेत द्यायची लस. तिसरी सुई पाहून आईचा धीर सुटतो. सोबत आलेली आजी म्हणते, "एवढ्याशा जिवाला किती टोचता? उरलेलं पुढच्या महिन्यात द्या." इथे सिस्टरला हात थांबवून बोलावं लागतं. तिनं चार गोष्टी सांगायच्याच असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढच्या वेळी कधी यायचं, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येईल, त्याला हळद-तेल काही लावू नका, हेही सांगायचं. मग अर्धा तास बाळाला तिथंच थांबवून घ्यायचं. हे बोलणं ज्या सिस्टरला नीट जमतं तिच्या गावात पुढच्या महिन्याला आया परत येतात. भारताला मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्याच्या मुळाशी असंच घरोघर समजावून सांगणं होतं.

गरोदर बाईच्या तपासणीतही हेच. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं, पोटावरून बाळाची वाढ आणि ठोके. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7 च्या खाली म्हणजे तातडीनं मोठ्या दवाखान्यात. लोहाच्या गोळ्या सगळ्यांना मिळतात. घरी गेल्यावर त्या पोटात जातात का, हा खरा प्रश्न. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतो, म्हणून बायका मध्येच सोडतात. जेवणानंतर घे, चहासोबत घेऊ नको, शौचाला काळं होणं साहजिक आहे, असं सांगणारी आणि पुढच्या भेटीत उरलेल्या गोळ्या मोजून पाहणारी सिस्टर त्या बाईच्या रक्तात फरक पाडते.

आणि मग बाळंतपण. आज महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरीही दुर्गम भागात, रात्री, नाल्याला पूर आलेला असताना, उपकेंद्र हाच दवाखाना असतो. कुशल प्रसूतीसेविकेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या एएनएमला काही जीव वाचवणारी औषधं स्वतः देण्याची परवानगी आहे. बाळ बाहेर आलं की ती आधी पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना याची खात्री करते, आणि एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन स्नायूत देते. त्यामुळे गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आईला काही तासांत संपवू शकतो, म्हणून हे एक मिनिट मोलाचं. त्याच मिनिटात बाळ रडलं का, श्वास घेतंय का, हेही पाहायचं असतं. घेत नसेल तर कोरडं करून, पाठ चोळून, तरीही नाही तर बॅग आणि मास्कनं हवा द्यायची. एखादीचा रक्तदाब 140/90 च्या वर गेला आहे, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय आणि झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल, देऊन मग रुग्णवाहिकेत घालायचं. हा डोस न देता नुसतं रेफर केलं तर वाटेतच झटके पुन्हा येऊ शकतात. अशा वेळी फोनची रेंज असेलच असं नाही. निर्णय तिचा.

अमेरिकेत याच पायरीवर लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स असते. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांत तिला व्होकेशनल नर्स म्हणतात. साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम, त्यानंतर एनक्लेक्स-पीएन ही परवान्याची परीक्षा. अशा नर्सेससाठीचा पहिला कायदा मिसिसिपी राज्यात 1914 मध्ये झाला. ती बरंचसं काम वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, रजिस्टर्ड नर्सच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली करते: औषधं देणं, जखमा बांधणं, साखर आणि रक्तदाब पाहणं. कामाला तिथे मान आहे, पण बाळंतपण तिच्या कक्षेत येत नाही. आपल्याकडची एएनएम शिक्षणाच्या शिडीवर तिच्याच पायरीवर आणि जबाबदारीत मात्र बरीच पुढे उभी आहे. या तफावतीची दखल आपल्या पगारपत्रकात आणि मानमरातबात पुरेशी घेतलेली नाही, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

आता शिक्षणाकडे. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. प्रवेश फक्त मुलींना. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, वय किमान 17. (मुलांना या कामात यायचं तर जीएनएम किंवा पुरुष आरोग्य सेवकाचा मार्ग आहे.) पहिल्या वर्षी सामुदायिक आरोग्य, आरोग्य संवर्धन, प्राथमिक उपचार आणि रोगप्रतिबंध, बालआरोग्य, दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचं व्यवस्थापन. पुस्तकी भाग फार अवघड नाही. मुली अडखळतात त्या दोन ठिकाणी. एक, औषधाच्या मात्रेचं गणित: मिलिलिटर, मिलिग्रॅम, युनिट यांचं रूपांतर. कला शाखेतून आलेल्या मुलींनी पहिल्याच महिन्यात हे रोज घोटावं, कारण इथली चूक रुग्णाला भोवते. दोन, लेबर रूम. पहिलं बाळंतपण पाहताना अनेकींना चक्कर येते. त्याची लाज वाटून घेऊ नये. तिथून पळून जाणाऱ्या मुलीचं मात्र नुकसान होतं. जितकी बाळंतपणं शिक्षिकेच्या नजरेखाली स्वतःच्या हातांनी होतील तितकी कमीच, कारण पुढे उपकेंद्रात शेजारी कोणी नसणार.

परीक्षा पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते आणि ठरावीक मुदतीनं तिचं नूतनीकरण. नोंदणी हाच परवाना. देशपातळीवर 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूती आयोगाचा कायदा झाला आहे, तेव्हा पुढच्या काळात नियम बदलतील. ते त्या-त्या वर्षी पाहून घ्यावेत.

नोकरीचं वास्तव सांगायला हवं. जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत नियमित पद मिळालं तर वेतनश्रेणी, रजा, बढती सगळं आहे. पण भरती दर वर्षी निघत नाही. दरम्यान राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा असतात. काम तेच, उन्हातान्हात फिरणं तेच, मानधन मात्र नियमित पगाराच्या मानानं कितीतरी कमी, आणि करार ठरावीक मुदतीचा. एकाच उपकेंद्रात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन सिस्टरांच्या हातात महिनाअखेर इतकी वेगळी रक्कम पडावी, हा उघड अन्याय आहे. तरी जाहिरात आली की कंत्राटी जागेला नाही म्हणू नये, असं मी मुलींना सांगेन. अनुभव हातात राहतो. जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत पदाचं नाव 'आरोग्य परिचारिका' किंवा 'आरोग्य सेवक (महिला)' असंही छापलेलं असतं, तेव्हा फक्त 'एएनएम' शोधत बसू नये. खासगी नर्सिंग होमचा पर्यायही आहे, पण तिथे पगार जागेनुसार फार बदलतो आणि सामुदायिक कामाचा अनुभव मिळत नाही.

एकटेपणाचा प्रश्नही आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांनी आधी खेड्यांत एएनएम ठेवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या तरुण मुली अनोळखी गावात एकट्या राहीनात. त्यात त्यांचा दोष नव्हता. मग आरोळे दांपत्यानं गावातल्याच बायकांना शिकवलं, आणि तो प्रयोग जगभर गाजला. आज गावोगावी आशा आहेत, त्यामुळे सिस्टर पूर्वीइतकी एकाकी नाही. 2018 नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही आले. तीच केंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जातात. तरीही क्वार्टरला धड कडी नाही, पाणी नाही, रात्री दार ठोठावणारा कोण आहे ते कळत नाही, अशा तक्रारी आजही ऐकू येतात. मुख्यालयी राहा असा आदेश काढणाऱ्यांनी आधी ते क्वार्टर राहण्याजोगं करावं. नव्या सिस्टरनं रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सरपंच, आशा, अंगणवाडी सेविका आणि शेजारचं एखादं घर यांच्याशी ओळख करून घ्यावी. गावाचा विश्वास ही तिची सगळ्यात मोठी सुरक्षा.

शिवाय कागद. माता आणि बालकांच्या नोंदींचं रजिस्टर, हिवतापाचे रक्तनमुने, क्षयरोग, जन्म-मृत्यू, औषधसाठा, आणि आता यातलं बरंचसं मोबाइलवर आणि पोर्टलवरही. रजिस्टर भरायचं, तेच पुन्हा ॲपमध्ये भरायचं. यात जाणारा वेळ गृहभेटींतून कापला जातो. ज्यांच्या हातात धोरण आहे त्यांनी एकच नोंद एकदाच करायची सोय केली, तर हजारो सिस्टरांचे दिवसाचे काही तास लोकांना मिळतील.

पुढे जायला वाट आहे. अनुभवानंतर सहा महिन्यांचं बढती-प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहायिका, म्हणजे एलएचव्ही, होता येतं. नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो, तीन वर्षांचा जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., आणि तिथून एम.एस्सी. कला शाखेतून बारावी झालेली मुलगी या वाटेनं नर्सिंग कॉलेजात शिकवण्यापर्यंत पोहोचू शकते. परदेशी जायचं स्वप्न असेल तर मात्र मनात गोंधळ नको: रजिस्टर्ड नर्स म्हणून बाहेर जायला जीएनएम किंवा बी.एस्सी. लागतं. एएनएमवर परदेशात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

शेवटची गोष्ट प्रवेशाआधीची, आणि हे प्रकरण वाचणाऱ्या आई-वडिलांना मुद्दाम सांगायची. फी भरण्याआधी दोन कामं करा. जवळच्या उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस विचारून मुलीला सकाळपासून तिथं पाठवा. ते काम पाहून तिचं मन रमलं तर पुढे जा. आणि संस्थेत गेल्यावर त्या वर्षीचं परिचर्या परिषदेचं मान्यतापत्र आणि प्रात्यक्षिकं कोणत्या रुग्णालयात होतात त्याचा करार, हे दोन्ही कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गल्लीबोळांत एक वर्षाचे, सहा महिन्यांचे 'नर्सिंग'चे कोर्स चालतात, पांढरा गणवेश देतात, फोटोसकट प्रमाणपत्रही देतात. त्या प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय आरोग्य सेविकेच्या भरतीत अर्ज स्वीकारला जात नाही.